लेझर, एमडीएफ आणि वसईचा तट

मॉडेल हा आपल्या इंजिनिअरिंगच्या आयुष्यातला एक अटळ प्रकार आहे. सिव्हिलवाल्यांना धरण आणि पूल, मेकॅनिकलवाल्यांना कारखान्याचा लेआउट, आणि टेक-फेस्ट जवळ आला की सगळ्यांनाच काही ना काही! यातली बरीच मॉडेल्स लांबून झकास दिसतात. जवळ गेलं की मात्र भिंतीवर चिकटवलेला विटांचा प्रिंटआउट कोपऱ्यातून सुटलेला दिसतो, आणि दगड म्हणून दाखवलेलं काहीतरी थर्माकोलच असतं हे लगेच कळतं.

आपल्या वसई-विरारमध्ये तर मॉडेल बनवणं लहानपणापासून रक्तात आहे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला आणि नाताळात येशूजन्माचा गोठा, दोन्ही इथे घरोघरी होतात. किल्ल्यावर गेरू फासायचा, मोहरी पेरून गवत उगवायचं, गोठ्याला खरा पेंढा लावायचा, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. पण लहान मुलंसुद्धा ते करतात, कारण आकार बरोबर असून भागत नाही, वस्तू ‘तशी’ दिसावी लागते हे त्यांना कळतं. या ‘तशी दिसण्या’ला इंग्रजीत टेक्स्चर म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘पोत’ हा छान शब्द आहे. कापडाचा पोत, जमिनीचा पोत, तसा दगडाचाही पोत. मी इंग्लिश मीडियमची असल्यामुळे हा शब्द मला तसा उशिराच भेटला, पण या विषयासाठी तो टेक्स्चरपेक्षा जास्त चपखल वाटतो.

या लेखात आपण लेझर कटर वापरून मॉडेलच्या भिंतीला आणि छपराला खरा वाटेल असा पोत कसा द्यायचा ते पाहू. उदाहरण म्हणून आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा वसईच्या किल्ल्याचा तट घेतला आहे. आमच्या ग्रुपने त्याचा एक तुकडा १:१०० या स्केलला बनवला, त्यामुळे खाली जे लिहिलं आहे ते बहुतेक करून पाहिलेलं आहे.

लेझरशी थोडी ओळख

पहिला लेझर १९६० साली थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत चालवून दाखवला. तो माणकाच्या स्फटिकाचा होता. पण मॉडेलसाठी आपण जे मशीन वापरतो त्यात कार्बन डायऑक्साइडचा लेझर असतो, आणि तो १९६४ साली बेल लॅब्जमध्ये सी. कुमार एन. पटेल यांनी शोधला. हे पटेल कोण? बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले! म्हणजे आपण ज्या मशीनवर लग्नपत्रिका आणि गणपतीचं मखर कापून आणतो, त्याच्या मुळाशी महाराष्ट्रात शिकलेला एक इंजिनिअर आहे. व्हायवाला कोणी विचारलं तर हे नक्की सांगा.

या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. हे अवरक्त किरण आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत. मशीनवर जो लाल ठिपका दिसतो तो फक्त जागा दाखवणाऱ्या छोट्या डायोडचा. लाकूड, कागद, अ‍ॅक्रिलिक हे पदार्थ ही तरंगलांबी छान शोषतात, म्हणून ते कापले जातात. चकचकीत धातू ती परत फेकतो, म्हणून आपल्या छोट्या मशीनवर पत्रा कापायला जाऊ नये.

किरण एका भिंगातून जाऊन एका बिंदूत जमतो. पण हा ‘बिंदू’ शून्य जाडीचा नसतो. त्याच्या व्यासाचं सूत्र सोपं आहे: चार गुणिले तरंगलांबी गुणिले भिंगाचं नाभीय अंतर, भागिले पाय गुणिले किरणाचा मूळ व्यास. भिंग दोन इंची म्हणजे ५०.८ मिमीचं आणि किरण ५ मिमी रुंद धरला, तर उत्तर येतं साधारण ०.१४ मिमी. किरण आदर्श असेल तर एवढं, प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्तच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशोब याच्यावर आहे.

आधी तट बघा

मशीनकडे जायच्या आधी किल्ल्यात जा. हे वाक्य सोपं वाटतं, पण निम्मं काम इथेच होतं. आपल्या मनात ‘दगडी भिंत’ म्हटलं की एकसारख्या आयतांची जाळी येते, आणि तीच आपण कोरेलमध्ये काढून मोकळे होतो. वसईचा तट तसा नाही.

पोर्तुगीजांना वसई १५३४ च्या तहात मिळाली आणि १५३६ पासून किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला आणि किल्ला घेतला. पुढे १७८० मध्ये तो इंग्रजांनी जिंकला. एवढ्या काळात, एवढ्या पावसाळ्यांत, तटाचा पोत सगळीकडे सारखा कसा राहील? दारांच्या चौकटी, कोपरे आणि कमानी यांना घडीव चिरे आहेत, नीट ताशीव आणि मोठे. मधल्या भिंतीत दगड ओबडधोबड, लहान-मोठे, त्यांच्यामध्ये चुना. काही ठिकाणी वरचा गिलावा अजून शिल्लक आहे, तिथे दगड दिसतच नाही. काही ठिकाणी चुना झिजून दरजा खोल गेल्या आहेत आणि त्यातून पिंपळाची मुळं बाहेर आली आहेत.

तेव्हा फोटो काढताना तीन गोष्टी पाळा. एक, फोटो समोरून, भिंतीला काटकोनात काढा. तिरका काढला तर दगडांची मापं चुकतात. दोन, भिंतीजवळ एक स्केल किंवा एक मीटरची पट्टी उभी धरा, म्हणजे नंतर फोटोतल्या दगडाचं खरं माप काढता येतं. तीन, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, जेव्हा ऊन भिंतीवर तिरकं पडतं. दुपारी बाराच्या उन्हात भिंत सपाट दिसते. तिरक्या उन्हात प्रत्येक दगडाची सावली पडते आणि कोणता दगड पुढे आहे, कोणता मागे, ते कळतं. हा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून भिंतीवर खडूने खुणा करणं, खिळा ठोकणं, दगड हलवणं असलं काही करायचं नाही. आपल्याला फक्त बघायचं आणि मोजायचं आहे.

स्केलचा हिशोब

आता गणित. समजा भिंतीतला एक दगड ६० सेंमी लांब आणि ३० सेंमी उंच आहे, आणि दोन दगडांमधली दरज १० मिमी आहे.

१:५० ला दगड १२ बाय ६ मिमी, दरज ०.२ मिमी.
१:१०० ला दगड ६ बाय ३ मिमी, दरज ०.१ मिमी.
१:२०० ला दगड ३ बाय १.५ मिमी, दरज ०.०५ मिमी.

आपला किरणच ०.१४ मिमीचा आहे. म्हणजे १:५० ला दरज व्यवस्थित जमते. १:१०० ला ती खऱ्यापेक्षा थोडी जाड येते, पण चालते. १:२०० ला मात्र दरज प्रमाणापेक्षा तिप्पट जाड होते आणि भिंत चौकडीच्या शर्टासारखी दिसायला लागते.

दुसरी बाजू डोळ्याची. चांगल्या नजरेला साधारण एक मिनिट कोनाएवढा तपशील दिसतो. मॉडेल ४० सेंमीवरून बघितलं तर तो तपशील सुमारे ०.१२ मिमी होतो. त्याहून बारीक रेघ वेगळी रेघ म्हणून दिसत नाही, नुसता भिंतीला खडबडीतपणा जाणवतो. म्हणून १:२०० आणि त्याहून लहान स्केलला एकेक दगड काढूच नका. फक्त आडवे थर हलक्या, तुटक रेघांनी सुचवा, आणि बाकी काम रंगाला करू द्या. किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत लेख कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. त्यावरचं ५ सेंमीचं अक्षर १:१०० ला अर्धा मिलिमीटर होतं. ते वाचता येणार नाही, आणि मोठं करून कोरलं तर खोटं ठरेल. तिथे दगडाची कड आणि आत चार-पाच अस्पष्ट आडव्या रेघा एवढंच बरोबर.

लेझरच्या तीन रीती

लेझर कटर तीन प्रकारे काम करतो आणि पोत या तिन्हींच्या मिश्रणातून येतो.

कट: पूर्ण ताकद, कमी वेग, आरपार. भिंतीचा बाहेरचा आकार, खिडक्या, दारं यासाठी.

स्कोअर: कमी ताकद, जास्त वेग. किरण रेघेवरून एकदाच फिरतो आणि वरवर खाच पाडतो. दरजांसाठी हीच रीत.

एनग्रेव्ह: मशीनचं डोकं इस्त्री फिरवल्यासारखं डावीकडून उजवीकडे जातं आणि ओळीमागून ओळ असा पूर्ण भाग खोल करतं. मागे गेलेला दगड, गिलाव्याचा पोपडा निघालेली जागा, असे पसरट भाग यातून होतात.

नवशिके लोक सगळं एनग्रेव्ह करायला जातात, कारण फोटो टाकला की मशीन छापतं असं वाटतं. त्याचं बिल काय होतं ते पाहू. आपला तटाचा तुकडा १२ मीटर लांब आणि ६ मीटर उंच धरा, म्हणजे मॉडेलमध्ये १२० बाय ६० मिमी. ओळींमधलं अंतर ०.१ मिमी ठेवलं तर ६० मिमी उंचीत ६०० ओळी. प्रत्येक ओळीत डोक्याला वळायला धरून १४० मिमी अंतर, वेग ३०० मिमी प्रति सेकंद, म्हणजे ०.४७ सेकंद. वळण्याचा ०.१ सेकंद मिळवा. एकूण सुमारे ३४० सेकंद, म्हणजे पावणेसहा मिनिटं.

आता तेच स्कोअरने. ३ मिमीचे २० थर, प्रत्येक थरात २० दगड. आडव्या रेघा १९ गुणिले १२० म्हणजे २२८० मिमी. उभ्या रेघा २० गुणिले १९ गुणिले ३ म्हणजे ११४० मिमी. एकूण ३४२० मिमी. वेग ६० मिमी प्रति सेकंद धरला तर ५७ सेकंद, आणि एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर उडी मारण्याचा वेळ धरून साधारण दोन मिनिटं. जॉबवर्कवाले मिनिटावर पैसे घेतात, तेव्हा हा फरक थेट खिशाला कळतो.

आणखी एक गंमत. एनग्रेव्हचा वेळ तुम्ही किती दगड खोल करता यावर फारसा अवलंबून नसतो. ते दगड किती उंचीत पसरले आहेत यावर असतो. भिंतभर विखुरलेले फक्त दहा दगड खोल करायचे म्हटले तरी डोकं जवळजवळ पूर्ण भिंत फिरतं. म्हणून तीन वेगवेगळ्या खोलींचे तीन एनग्रेव्ह ठेवले की वेळ सरळ तिप्पट. आमचा उपाय असा: मागे गेलेल्या दगडांसाठी एकच एनग्रेव्ह, दरजांना स्कोअर, आणि पुढे आलेल्या दगडांसाठी ३०० जीएसएम कार्डशीटचे छोटे तुकडे कापून वरून चिकटवायचे. ही कार्डशीट सुमारे ०.३५ मिमी जाड असते, म्हणजे १:१०० ला साडेतीन सेंमी. दगड तेवढा पुढे आलेला अगदी खरा वाटतो.

ड्रॉइंग काढताना

फोटो कोरेलड्रॉ किंवा ऑटोकॅडमध्ये घेऊन पट्टीच्या मापाने १:१०० ला आणा आणि दगड हाताने ट्रेस करा. ऑटो-ट्रेस वापरू नका, तो सावलीला आणि शेवाळाला पण दगड समजतो. ऑटोकॅडचं तयार हॅच टाकण्याचा मोहही टाळा. त्यात एकच नमुना पुन्हा पुन्हा येतो, आणि आपला डोळा पुनरावृत्ती पटकन पकडतो.

गवंडी लोक एक नियम पाळतात: सांधमोड. खालच्या थरातली उभी दरज आणि वरच्या थरातली उभी दरज एका रेषेत येऊ द्यायची नाही, नाहीतर भिंत तिथून फाटते. ड्रॉइंगमध्ये हा नियम मोडला तर भिंत पडणार नाही, पण सिव्हिलचे सर बघताच हसतील. मोठा तट करायचा असेल तर दोन-तीन मीटरचे चार वेगवेगळे तुकडे ट्रेस करा आणि त्यांचा क्रम बदलत वापरा. आरशासारखे उलटवून वापरू नका, जोडावर फुलपाखरासारखी नक्षी उमटते.

रेघांना रंग द्या. लाल म्हणजे कट, निळा म्हणजे स्कोअर, काळा म्हणजे एनग्रेव्ह असं ठरवून घ्या आणि ऑपरेटरला सांगा. क्रम नेहमी असा: आधी एनग्रेव्ह, मग स्कोअर, शेवटी कट. आधी कापलं तर तुकडा जागचा हलतो आणि पुढचं सगळं तिरकं पडतं. एकावर एक आलेल्या डबल रेघा काढून टाका, नाहीतर मशीन त्याच दरजेवरून दोनदा जाऊन ती जाळून टाकतं.

कोपऱ्याकडे विशेष लक्ष द्या. वसईच्या तटाचे बुरूज बाणाच्या टोकासारखे कोनदार आहेत, त्यामुळे कोपरे भरपूर. लेझर फक्त सरळ खाली कापतो, तिरकी कड देत नाही. म्हणून दोन भिंती जोडल्या की एकीची ३ मिमी जाड जळकी कड बाहेर दिसते. एक तर सँडपेपरने दोन्ही कडा तिरक्या घासून जोडा, नाहीतर त्या कडेवर कटरने थरांच्या रेषा पुढे न्या. १:१०० ला ३ मिमी म्हणजे ३० सेंमी, म्हणजे ती कड आपोआप दगडाची जाडी वाटते. थर मात्र दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर यायलाच हवेत. खरा दगड कोपऱ्यावर संपत नाही, वळतो.

कोणतं मटेरियल? आणि कोणतं अजिबात नाही!

भिंतीसाठी आमची पसंती ३ मिमी एमडीएफला. त्याला रेषा नसतात, सगळीकडे सारखं खोदलं जातं. प्लायवूडमध्ये मधला थर आणि डिंक कमीजास्त असतो, त्यामुळे खोली बदलते. शिवाय प्लायच्या रेषा १:१०० ला एखाद्या राक्षसी झाडाच्या दिसतात. माउंट बोर्ड वाकवता येतो, म्हणून गोल मनोरे आणि कमानींच्या आतली बाजू यासाठी तो उत्तम.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि हा परिच्छेद तरी पूर्ण वाचा. आपण मॉडेलला सर्रास वापरतो तो सनबोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसीचा असतो. रेक्झिन आणि फ्लेक्सही पीव्हीसीच. पीव्हीसी लेझरखाली तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. दमट हवेत त्याचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं. ते मशीनचे रूळ आणि भिंगं खातं, आणि मशीनशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसातही जातं. तिथे उभा असतो ऑपरेटर, दिवसाचे दहा-बारा तास. आपण सबमिशनच्या घाईत ‘एवढा एकच तुकडा कापून द्या ना’ म्हणतो, त्याची किंमत तो मोजतो. शंका असेल तर केमिस्ट्री लॅबमध्ये सरांना विचारून तांब्याच्या तारेची परीक्षा करा: तार तापवून प्लॅस्टिकला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, ते लेझरवर न्यायचं नाही. थर्माकोलही नको, तो कापला जाण्याऐवजी वितळतो आणि पेट घेतो.

एमडीएफच्या धुरातही राळेतलं फॉर्मल्डिहाइड असतं, तेव्हा एक्झॉस्ट चालू हवा आणि झाकण बंद हवं. मशीन चालू असताना चहाला जायचं नाही. लाकूड पेटू शकतं, आणि अग्निशामक हाताशी असूनही माणूसच नसेल तर त्याचा काय उपयोग?

टेस्ट पट्टी

‘ताकद किती, वेग किती ठेवू?’ असं सगळे विचारतात. याचं एक उत्तर नाही. ४० वॉटचं मशीन वेगळं, ८० वॉटचं वेगळं, ट्यूब जुनी झाली की परत वेगळं, आणि पावसाळ्यात ओल खाल्लेलं एमडीएफ अजून वेगळं. म्हणून त्याच शीटच्या कोपऱ्यावर १० मिमीच्या चौकोनांची पाच बाय पाचची जाळी काढा. आडवा वेग वाढवत जा, उभी ताकद वाढवत जा. पंचवीस चौकोन होतात, काही मिनिटांत काम संपतं. प्रत्येकाची खोली मोजा आणि हवा तो निवडा. १:१०० ला दरजेसाठी ०.२ ते ०.३ मिमी खोली आम्हाला पुरेशी वाटली. खऱ्या मापाने ती थोडी जास्त आहे, पण रंग बसल्यावर खाच भरते, त्यामुळे थोडं झुकतं माप द्यावं लागतं.

आणखी दोन युक्त्या. मशीनचं डोकं ठरलेल्या उंचीपेक्षा ३ ते ५ मिमी वर उचललं की किरण पसरतो आणि दरज रुंद, मऊ कडांची होते. झिजलेल्या चुन्याच्या दरजांना हे छान. आणि एनग्रेव्हच्या ओळींमधलं अंतर मुद्दाम ०.३ मिमी केलं की बारीक समांतर रेघा राहतात. घडीव चिऱ्यांवर टाकीचे घाव असतात, ते यातून जमतात.

छपराचं उदाहरण: मंगलोरी कौल

तट झाला, पण वसईच्या गावातलं जुनं घर करायचं असेल तर कौलं आलीच. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून हे कौल आपल्या किनाऱ्यावर पसरलं. एक कौल साधारण ४१० बाय २३५ मिमीचं असतं, पण एकावर एक चढत असल्यामुळे दिसणारा भाग अंदाजे ३२० बाय २१० मिमी. म्हणजे एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं. १:५० ला दिसणारा भाग ६.४ बाय ४.२ मिमी.

इथे एनग्रेव्ह नकोच. कौलांचं सौंदर्य एकावर एक चढण्यात आहे, तेव्हा मॉडेलमध्येही ती चढवूया. ३०० जीएसएम कार्डशीटच्या ८.२ मिमी रुंद पट्ट्या कापा. खालच्या कडेला कौलाच्या टोकाचा आकार द्या, आणि दर ४.२ मिमीला उभा स्कोअर. छपराच्या पायाच्या शीटवर दर ६.४ मिमीला आडवी रेघ स्कोअर करा. मग खालून वर एकेक पट्टी रेघेवर चिकटवत जा. कार्डशीटची जाडी १:५० ला पावणेदोन सेंमी होते, म्हणजे जवळपास कौलाएवढीच. दोन-तीन कौलं थोडी सरकलेली, एखादं तुटलेलं दाखवलं की छप्पर एकदम राहतं घर वाटतं.

रंग: इथे लेझर उलटं बोलतो

हे आम्हाला सगळ्यात रंजक वाटलं. लेझर जिथे खोदतो तिथे जाळतो, म्हणून मॉडेलमध्ये दरज काळी आणि दगड फिका दिसतो. पण खऱ्या तटात दगड काळसर आणि दरजेतला चुना फिका असतो! कोरून आणलेलं एमडीएफ तसंच ठेवलं तर ते तटाच्या फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. म्हणून रंग हवाच.

आधी सँडिंग सीलरचा एक हात द्या, नाहीतर एमडीएफ पाणी पिऊन फुगतं. त्यावर पूर्ण भिंतीला गडद करडा रंग. तो वाळला की फिकट पिवळसर पांढरा रंग पाण्यात खूप पातळ करून भिंतभर सोडा आणि लगेच ओल्या कपड्याने वरवर पुसून घ्या. दगडांवरचा रंग निघतो, दरजांतला राहतो. चुना तयार! मग जवळजवळ कोरड्या ब्रशवर थोडा फिका करडा घेऊन भिंतीवरून हलकेच फिरवा. पुढे आलेल्या दगडांच्या कडा उजळतात. जिथे चुना झिजून दरजा खोल गेल्या आहेत तिथे पांढरा भरू नका, लेझरचा काळाच राहू द्या. कोणत्या भागात काय करायचं ते तुमचे फोटो सांगतील.

शेवटी पावसाळा. तटाच्या माथ्यावर आणि जमिनीलगत काळपट हिरवा पातळ रंग वरून खाली ओघळू द्या, कारण पाणीही तसंच ओघळतं. पिंपळाच्या मुळांना काथ्याचे धागे फेव्हिकॉलने चिकटवा. गवताला रंगवलेला लाकडाचा भुसा.

खर्च आणि मशीन कुठे मिळेल?

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मशीन असेल तर उत्तमच. नसेल तर वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यांत चौकशी करा. नावाच्या पाट्या, ट्रॉफी, मंदिराच्या जाळ्या करणारी ही मंडळी असतात. २०१८ च्या थर्माकोल बंदीनंतर एमडीएफच्या मखरांचं कामही वाढलं आहे, त्यामुळे गणपतीच्या आधीच्या महिन्यात जाऊ नका, कोणी उभं करणार नाही! फाइल नीट रंग देऊन, डबल रेघा काढून नेली तर काम लवकर होतं. मशीन स्वतः हाताळून शिकायचं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाची माहिती जरूर काढा. डॉ. एस. एस. कलबाग यांनी सुरू केलेल्या या संस्थेत २००२ मध्ये फॅब लॅब आली, एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ती एक.

शेवटी...

व्हायवाला आम्हाला एक प्रश्न विचारला गेला: ‘हे सगळं मशीननेच केलं ना? मग तुम्ही काय केलं?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की मशीनला दगड माहीत नसतो. कोणती भिंत ओबडधोबड आणि कुठे घडीव चिरा, कुठे चुना आहे आणि कुठे झिजला, या स्केलला काय दिसेल आणि काय सोडून द्यायचं, हे सगळं आपल्याला ठरवावं लागतं. हे न बघता काढलेली जाळी कितीही बारीक कोरली तरी ती कुठल्याही किल्ल्याची भिंत होऊ शकते, वसईची होत नाही. आणि आपल्या गावात ते चटकन ओळखलं जातं, कारण मॉडेल बघायला येणाऱ्या प्रत्येकाने तो तट पाहिलेला असतो.

शिवाय दरवर्षी पाऊस थोडा चुना नेतो, एखादं मूळ थोडं जाड होतं. आज तुम्ही मोजून, फोटो काढून जो तुकडा कोराल, तो त्या भिंतीची आजची नोंद आहे. म्हणून मॉडेलच्या तळाशी स्केलबरोबर फोटो काढल्याची तारीख आणि तटाची जागा लिहा, आणि ट्रेस केलेली फाइल डिपार्टमेंटमध्ये ठेवा. पुढच्या बॅचला शेजारचा तुकडा करता येईल. असे दहा-बारा तुकडे जमले तर काही वर्षांत आपल्या कॉलेजात एक आख्खा बुरूज उभा राहील!